सत्तावीसशे रुपयांचा फरक

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी एकतीस वर्षे दिवाणजी म्हणून काम करतो. शेतकऱ्याच्या मालाचा सौदा झाला, वजन झाले, की हमाली-तोलाई वजा करून त्याच्या हातात जो हिशेबाचा कागद पडतो त्याला आमच्याकडे पट्टी म्हणतात, आणि त्या पट्ट्या तयार करणे हेच माझे मुख्य काम. २०२३ च्या फेब्रुवारीत, नव्या हळदीची आवक नुकतीच सुरू झाली असताना, वाळवा तालुक्यातले एक वयस्क शेतकरी पट्टी घेऊन परत आले आणि संकोचत म्हणाले, "दिवाणजी, तुमच्याकडनं चूक व्हायची न्हाई, पर मापात कायतरी फरक हाय बघा." फरक २,७०० रुपयांचा निघाला. फरकाला नऊने भाग गेला की कुठे तरी दोन आकडे उलटे पडले आहेत, हे या कामातल्या नवख्यालाही ठाऊक असते. मी ४७३ किलोंच्या जागी ४३७ लिहिले होते. पट्टी दुरुस्त करून दिली, त्यांनी चहा घेतला आणि ते गेले. त्यानंतर मी बराच वेळ त्या रद्द केलेल्या कागदाकडे पाहत बसलो, कारण मला काहीच वाटले नव्हते. लाज नाही, धसका नाही, शेठ काय म्हणतील ही भीतीसुद्धा नाही. पहाटे साडेतीनला जाग आली तेव्हा मात्र तीच चूक छातीवर येऊन बसली, आणि आपण आता कोणत्याच कामाचे उरलो नाही, इतकी वर्षे लोकांनी आपल्याला उगाच सांभाळून घेतले, असे उजाडेपर्यंत वाटत राहिले.

नैराश्याचा आजार मला झाला होता, हे कळायला यानंतरही तीन महिने लागले. इतका उशीर का झाला, हे सांगण्यासाठी मी हे लिहितो आहे. मी दुःखाची वाट पाहत होतो. नैराश्य म्हणजे माणूस रडतो, खिडकीशी एकटा बसतो, त्याच्यावर काही तरी कोसळलेले असते, अशी माझी समजूत होती. आणि मला तर रडू येत नव्हते, माझ्यावर काही कोसळलेही नव्हते. मुलगा पुण्यात नोकरीला लागला होता, घराचे कर्ज फिटले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात छातीइतके पाणी होते, आणि ते उतरल्यावर आम्ही आठ दिवस खराट्याने चिखल ढकलत होतो. त्या दिवसांत मी खचलो नाही. शेजाऱ्यांशी थट्टा करत, उघड्यावर पिठले-भात खात आम्ही ते घर पुन्हा उभे केले. मग तीन वर्षांनी, सगळे सुरळीत असताना, हे कशामुळे व्हावे? माझ्या आक्कापासून शेठपर्यंत प्रत्येकाने मला हाच प्रश्न विचारला, आणि कारण सांगता येईना म्हणून माझा आजारही कोणाला खरा वाटेना. मलाही वाटला नाही.

मागे वळून पाहताना सुरुवात मला २०२२ च्या दिवाळीनंतर दिसते. त्याआधी वर्षानुवर्षे मी पहाटे नदीवर पोहायला जात असे; घाटावर आमचा सात-आठ जणांचा कंपू आहे. थंडीचे निमित्त करून मी जाणे बंद केले. थंडीत न जाणे वेगळे आणि जावेसेच न वाटणे वेगळे, पण हा फरक त्या वेळी मी स्वतःशीही मान्य केला नाही. मग जेवणातली चव गेली. घास घशाखाली उतरायचा, पण आमटी आणि ताक यांत काही फरक वाटायचा नाही. वजन पाच किलोंनी उतरले आणि यार्डात लोक कौतुक करू लागले. कंबर सतत भरून यायची, छातीत जडपणा, पोटात गॅस, अंगात कणकण. मुलाचा फोन आला की मी तो वाजू देत असे आणि नंतर, मोबाइल दुसऱ्या खोलीत होता, असे खोटे सांगत असे. पत्नीने भाजीला काय आणू असे विचारले तरी माझा पारा चढायचा. तिने एकदा शांतपणे म्हटले, "अहो, तुम्ही रागावताय ते माझ्यावर नाही, हे मला कळतंय. पण कोणावर, ते तरी सांगा." मला सांगता आले नाही.

पुरुषांमध्ये हा आजार अनेकदा चिडचिडीच्या, दारूच्या किंवा कामात स्वतःला कोंडून घेण्याच्या रूपात दिसतो, आणि आपल्याकडे स्त्री-पुरुष दोघांमध्येही तो शरीराच्या तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे येतो, हे मला नंतर समजले. कारण मन उदास आहे असे म्हणायला आपल्या घरांत जागा नसते. कंबर दुखते असे म्हणायला असते. मीही कंबरच दाखवत फिरलो. एक्स-रे झाला, ईसीजी झाला, पित्तासाठी दुर्बिणीतून तपासणी झाली. सगळे ठीक. रक्ततपासणीत थायरॉईड, साखर आणि हिमोग्लोबिन व्यवस्थित निघाले, पण बी-१२ कमी निघाले, आणि आम्हा सगळ्यांना हायसे वाटले, कारण आता एक कारण सापडले होते. इंजेक्शने सुरू झाली. पायांच्या मुंग्या थांबल्या, बाकी काही बदलले नाही, आणि त्या समाधानात आमचे आणखी दोन महिने गेले. या तपासण्या करू नयेत, असे मी म्हणत नाही. थायरॉईड कमी असेल, रक्त कमी असेल, बी-१२ कमी असेल, तर माणूस असाच थकलेला, मंद आणि उदास दिसू शकतो, म्हणून त्या आधी करायलाच हव्यात. त्या निर्दोष निघाल्यावर, किंवा दोष दुरुस्त होऊनही माणूस तसाच राहिल्यावर, शोध थांबवणे ही खरी चूक होती.

तो पुढे नेला माझ्या पत्नीने. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाच्या शेजारी ती पेन्सिलने फुल्या करत होती, हे मला मे महिन्यात दिसले. मी साडेतीन-चारला उठून बसलो त्या दिवशी एक फुली. मार्चमध्ये तेवीस फुल्या होत्या, एप्रिलमध्ये सत्तावीस. ती दिनदर्शिका गुंडाळून पिशवीत घालून ती मला मिरजेला एका फिजिशियनकडे घेऊन गेली. मिरजेलाच का, तर सांगलीत ओळखीचे भेटतात म्हणून. खरे तर मिरज ही दवाखान्यांचीच नगरी. वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी तिथे मिशन रुग्णालय सुरू केले त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली आणि अर्धा कर्नाटक तिथे उपचारांना येतो, तेव्हा ओळखीचे भेटण्याची शक्यता तिथे कमी नव्हे, जास्तच. पण संकोचाला हिशेब कळत नाही.

त्या डॉक्टरांनी फाईल चाळली, दिनदर्शिका पाहिली आणि विचारले, "शेवटचं असं काय केलंत, जे करताना बरं वाटलं?" मी आठवू लागलो. पाच-सहा मिनिटे गेली असतील. ते थांबून राहिले. मला दिवाळीच्या अलीकडचे काहीही आठवेना. मग त्यांनी एक छापील कागद पुढे केला, त्यावर गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न होते: कामात रस किंवा आनंद वाटत नाही का, उदास किंवा हताश वाटते का, झोप, थकवा, भूक, स्वतःविषयी वाईट वाटणे, लक्ष न लागणे, हालचाली मंदावणे किंवा उलट अस्वस्थ येरझाऱ्या, आणि शेवटी, मेलेले बरे असे विचार. प्रत्येकाला ० ते ३ गुण. मुळीच नाही म्हणजे शून्य, जवळजवळ रोज म्हणजे तीन. एकूण २७. ही प्रश्नावली पीएचक्यू-९ या नावाने जगभर वापरली जाते आणि ती मराठीतही मिळते. दहा किंवा त्याहून अधिक गुण आले तर नीट तपासणी व्हायला हवी, असे मानतात. मला अठरा मिळाले. आयुष्यभर आकडे मांडणाऱ्या माणसाला आकड्यानेच पकडले, याचे त्या स्थितीतही मला थोडे हसू आले.

हा आकडा म्हणजे निदान नव्हे, हे त्यांनी लगेच सांगितले. निदानासाठी डॉक्टर जी कसोटी लावतात ती अशी की, या नऊपैकी किमान पाच लक्षणे, दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे असावीत. त्यांत उदासपणा किंवा रस उडणे यांपैकी एक तरी असलेच पाहिजे. आणि त्यामुळे माणसाचे काम, घर किंवा नाती यांत अडथळा येत असावा. यातला 'किंवा' माझ्यासाठी महत्त्वाचा होता. उदास न वाटताही नैराश्य असू शकते. रस उडालेला असणे पुरते. मी सहा महिने ज्या दुःखाची वाट पाहत होतो, ते येण्याची अटच नव्हती. आणि कारणाचा रकाना त्या कसोटीत कुठेच नाही. कारण असले तरी आजार आजारच असतो, आणि नसले तरीही. मेंदूतील रसायने, आनुवंशिकता, बालपण, ताण, दीर्घ दुखणी यांची सरमिसळ होऊन तो येतो, आणि एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली, तिने घरातला जुना वाद मिटला. सकाळी जास्त त्रास होतो की संध्याकाळी? सकाळी मला अंथरुणातून पाय खाली टाकणे जमत नसे, आणि संध्याकाळी सहानंतर मी बऱ्यापैकी बोलत असे. आक्का म्हणायची, "दिवसभर कण्हतोस आणि पाव्हणं आलं की बरा होतोस. सोंग का काय हे?" सकाळी जड आणि संध्याकाळी थोडे हलके, आणि ठरल्यासारखी दोन-तीन तास आधी येणारी जाग, हा या आजाराचा ओळखीचा नमुना आहे. ते सोंग नव्हते.

साधे दुःख आणि हा आजार यांतला फरक मला आईच्या मृत्यूवरून समजला. २०१६ मध्ये ती गेली तेव्हा मी पुष्कळ रडलो, पण ते लाटांसारखे होते. मधल्या काळात भाऊबंद जमले की तिच्याच गोष्टी सांगून आम्ही हसलोही. तेव्हा जग रिकामे वाटत होते, मी स्वतः टाकाऊ आहे असे कधी वाटले नव्हते. यावेळी लाट नव्हतीच. नुसते साचलेले पाणी होते, आणि त्यात रोज एकच वाक्य तरंगत होते की, मी सगळ्यांवर ओझे आहे. अर्थात दुःखातून नैराश्य सुरू होऊ शकते, त्यामुळे 'घरात मयत झाली आहे, होणारच असे' म्हणून कोणाला महिनोन्‌महिने सोडून देणेही बरोबर नाही. बाळंतपणानंतरच्या वर्षातली बाई गप्प झाली, बाळाकडे पाहीनाशी झाली, तर तिथे तर दोन आठवडेसुद्धा थांबू नये. आणि सत्तरीतला माणूस सगळे विसरू लागला की आपण म्हातारचळ म्हणून हात झटकतो, पण कधी कधी त्याच्या विसरण्यामागे नैराश्य असते, आणि ते बरे होण्यासारखे असते.

नवव्या प्रश्नाला मी शून्य लिहिले होते. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून तो तोंडी पुन्हा विचारला, अगदी साखर किती आली असे विचारावे तशा आवाजात: "झोपलो ते उठूच नये, असं वाटतं का?" मी हो म्हटले. पत्नी शेजारी होती. तिच्याकडे पाहणे मला जमले नाही, पण तो प्रश्न विचारल्यामुळे माझ्या डोक्यात नवे काही शिरले नाही, उलट महिनाभर अंगावर वागवलेले पोते खाली उतरावे तसे झाले. आत्महत्येविषयी विचारले तर माणसाला तशी बुद्धी होते, ही भीती खोटी आहे, असे डॉक्टर सांगतात. तुमच्या घरातल्या माणसाबद्दल शंका असेल तर आडवळणाने न बोलता सरळ विचारावे, आणि उत्तर हो आले तर उपदेश न करता ऐकून घ्यावे. विचार केवळ 'उठू नये' असा असला तरी डॉक्टरांना सांगायचा. पण मनात योजना शिजते आहे, निरवानिरवीची भाषा येते आहे, खाणेपिणे सुटले आहे, किंवा कानात आवाज येत आहेत, असे दिसले तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचे आणि तोवर त्या माणसाला एकटे सोडायचे नाही. माझे दाजी तासगावचे द्राक्षबागाईतदार. बागेची औषधे त्यांच्या पडवीतच असत. मी तिकडे चार दिवस राहायला जाणार हे ठरल्यावर त्यांनी, मला काही न बोलता, ती खोली कुलूपबंद केली आणि किल्ली आक्काच्या कनवटीला दिली. मला ते नंतर कळले. तेव्हा राग आला असता. आज वाटते की माझ्यासाठी कोणी केलेली ती सर्वांत शहाणी गोष्ट होती.

टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ वर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. जिवाला धोका असेल तर १०८ ची रुग्णवाहिका किंवा ११२. पोलिसांचे लफडे मागे लागेल म्हणून लोक लपवतात, म्हणून हेही लिहितो की, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले जाते आणि त्याला त्यासाठी शिक्षा करता येत नाही. याच कायद्याने विमा कंपन्यांवर मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देण्याचे बंधन घातले आहे, आणि रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा त्याचा हक्कही मान्य केला आहे.

फिजिशियननी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. या दोन-तीन नावांचा लोकांत घोळ होतो: मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर त्या विषयातले पुढचे शिक्षण घेतलेले डॉक्टर, तेच औषध लिहून देतात, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. सौम्य आजारात नुसत्या बोलण्याच्या उपचारानेही भागते, मध्यम आणि तीव्र आजारात सहसा दोन्ही लागतात. खासगी दवाखाना परवडत नसेल तर सांगलीच्या सिव्हिलसारख्या शासकीय रुग्णालयांत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो.

प्रतीक्षालयात मी तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसलो होतो. तेवढ्यात आवाज आला, "दिवाणजी, तुमी पन हितंच व्हय?" यार्डातला एक हमाल, पाठीवर क्विंटलचे पोते सहज वाहणारा गडी, हातात फाईल घेऊन उभा होता. दोन वर्षांपासून येतो म्हणाला. "पयलं आंगारं-धुपारं लई केलं, बाहेरचं आसंल म्हनून. आता गोळी हाय, झोप लागती, पोती उचलतो." त्याने हे सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले आणि माझे वर्तमानपत्र आपोआप खाली आले. अंगारा आमच्या घरीही आला होता, आक्काने आणला होता. मी तो लावला. त्याने कोणाचे बिघडत नाही; त्यासाठी गोळी थांबवली तर बिघडते.

तज्ज्ञांनी एक प्रश्न मुद्दाम विचारला: आयुष्यात कधी उलटा काळ आला होता का, म्हणजे झोप न लागताही अंगात प्रचंड उत्साह, अखंड बडबड, बेसुमार खर्च? तसे असेल तर आजार वेगळा असतो आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीने माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. म्हणूनच शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी मेडिकलमधून आणून स्वतः सुरू करणे धोक्याचे. मला एसएसआरआय या नैराश्यावरच्या औषधांच्या गटातली गोळी मिळाली. पहिले आठ दिवस मळमळ आणि डोके जड, फायदा शून्य. लोक गोळी हमखास सोडून देतात तो हाच काळ. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, हे मला आधीच सांगितले होते म्हणून मी टिकलो. तरुणांमध्ये, विशेषतः पंचविशीच्या आत, सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता किंवा जिवाचे विचार वाढू शकतात, त्यामुळे घरच्यांनी लक्ष ठेवायचे असते. या गोळ्यांची व्यसनासारखी चटक लागत नाही, पण त्या एकदम बंदही करायच्या नसतात. बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवून मग डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.

बरे होणे एके दिवशी घडले नाही. पाचव्या आठवड्यात एका दुपारी मला आंब्याच्या लोणच्याचा वास आला आणि भूक लागली. जुलैत मुलाचा फोन मी पहिल्या घंटीला उचलला. समुपदेशक ताईंनी एक सवय लावली होती की, करावेसे वाटण्याची वाट पाहायची नाही, ठरलेल्या वेळी ठरलेले लहानसे काम करायचे आणि वाटणे मागून येऊ द्यायचे. माझे काम होते घाटापर्यंत चालत जाणे, पोहणे नव्हे. पाण्यात उतरलो तो दिवाळीत, बरोबर एका वर्षाने. कंपूने काही विचारले नाही. एकाने फक्त टॉवेल पुढे केला.

२०२४ च्या उन्हाळ्यात गोळी पूर्ण बंद झाली. एकदा हा आजार झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना तो पुन्हा येऊ शकतो, हे डॉक्टरांनी निरोप देताना सांगितले आणि पत्नीने ते माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकले. दुधाच्या हिशेबाच्या शेजारी तिची पेन्सिल अजून चालते. आठवड्यात पाचहून अधिक फुल्या आणि असे लागोपाठ दोन आठवडे झाले, की मी काहीही कारण सांगितले तरी न ऐकता तिने दवाखान्याची वेळ घ्यायची, असे आमच्यात ठरले आहे. या महिन्यात आतापर्यंत चार आहेत, आणि त्यातली एक, तिच्या म्हणण्याप्रमाणे, डासांमुळे.